मऊ हाडं

सोलापूरहून वैरागमार्गे बार्शीला जाणाऱ्या लाल गाडीवर मी अकरा वर्षं कंडक्टर होतो. बाजाराच्या दिवशी मधल्या वाटेत माणसं, पाट्या, खताची पोती असं सगळं दाटून यायचं आणि मी त्यातूनच तिकिटं देत मागच्या सीटपर्यंत जायचो. गाडीनं कितीही हिसका दिला तरी मी कधी पडलो नाही. माझे पाय गुडघ्यांपाशी बाहेरच्या अंगाला वाकलेले. घोटे जुळवून उभा राहिलो तर दोन गुडघ्यांच्या मधून बंद मूठ सहज जायची. त्यामुळं दोन्ही बाजूंच्या सीटांना एकेक गुडघा टेकवून मी उभा राहायचो आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचो. ड्रायव्हर म्हणायचे, याला देवानं कंडक्टरकीसाठीच घडवलाय. मीही हसायचो.

हे पाय मला आईकडून आले. तिला आम्ही अव्वा म्हणतो. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली, त्यामुळं घरात तिच्याशी कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, असं आमचं चालतं. माहेरच्या गावात तिला सोट्टकाल म्हणायचे, म्हणजे वाकड्या पायाची. कारणं ज्यानं त्यानं वेगवेगळी सांगितली. कुणी म्हणे सुईणीनं नीट शेकलं नाही, कुणी म्हणे वेळेआधी उभं केलं. अव्वा माझ्या खांद्याच्याही खाली येते. मी शाळेत होतो तेव्हा ती भाजीला चालत जायची. मी नोकरीला लागलो तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत जायची. माझं लग्न झालं तेव्हा ती घरातल्या घरात भिंत धरून फिरत होती. भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक तेलकट काळपट पट्टा उमटला होता, स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत. रंग दिला तरी वर्षभरात तो पुन्हा दिसायचा.

छत्तिसाव्या वर्षी माझा उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखायला लागला. आधी ड्युटी संपल्यावर दुखायचा, मग ड्युटीवर, मग सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवतानाच. एका सकाळी उठताना मी भिंतीला हात लावला. बायको चहा गाळत होती. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या त्या पट्ट्याकडं पाहिलं आणि म्हणाली, डॉक्टरकडं जायचं, याच आठवड्यात.

सात रस्त्याजवळच्या एका हाडांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते आणि बोलायला मोकळे. त्यांनी कंबरेपासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे काढला आणि स्क्रीनवर एक रेघ ओढली. ती खुब्यातून निघून घोट्यापर्यंत जात होती. त्यांनी सांगितलं, सरळ पायात ही रेघ गुडघ्याच्या मधून जाते. माझी गुडघ्याच्या आतल्या कडेलाही शिवत नव्हती. सगळं वजन आतल्या बाजूवर पडून तिथली गादी झिजली होती. उपाय म्हणजे नडगीचं हाड गुडघ्याच्या जरा खाली आतल्या अंगानं कापायचं, फट उघडून पाय सरळ करायचा आणि धातूची पट्टी लावून स्क्रूनं आवळायचं. फट आपोआप भरून येते म्हणाले. आधी उजवा करू, तो जुळला की डावा.

बायकोनं विचारलं, पण हे मुळात असे का झाले? डॉक्टर म्हणाले, असतात काहींचे. मग तिनं कडेवरच्या मुलीला खाली उभं केलं. पोरगी तेव्हा पंधरा महिन्यांची, नुकती पाऊल टाकायला लागलेली. तिचेही जरा वाकडे वाटतात, असं बायको म्हणाली. डॉक्टरांनी खुर्चीतून वाकून बघितलं. या वयात सगळ्याच मुलांचे थोडे वाकलेले असतात, दोन-तीन वर्षांत सरळ होतात, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की बहुतेक मुलांचं तसंच होतं.

ऑपरेशनला कमरेतून इंजेक्शन दिलं होतं. मी जागा होतो आणि छातीपुढं हिरवा पडदा होता. करवतीचा आवाज आला, मग सुताराच्या दुकानात येतो तसा ड्रिलचा. दुखत काहीच नव्हतं, फक्त सगळं अंग हलत होतं, खडीच्या रस्त्यावर गाडीत बसल्यासारखं. मध्येच ड्रिल थांबलं. पडद्यापलीकडून डॉक्टर त्यांच्या मदतनीसाला हळू आवाजात म्हणाले, "हाड मऊ लागतंय."

तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, लांब स्क्रू दे. आणि ड्रिल पुन्हा सुरू झालं.

मी हे बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही विचारलं नाही. वॉर्डात आल्यावर ते म्हणाले, छान झालंय, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. टाके काढल्यावर पट्टी बदलताना मी तो पाय पहिल्यांदा नीट पाहिला. तो माझा वाटत नव्हता. सरळ होता. शेजारीपाजारी बघायला आले. अव्वा कॉटवर माझ्याजवळ बसली आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एक बोट फिरवत गेली. मग परत वर आणलं. त्या दिवसांत ती रोज दुपारी नातीला मांडीवर घेऊन तेल लावायची आणि तिच्या नडग्या दोन्ही हातांनी दाबून सरळ करत बसायची. माझा पाय पाहिल्यापासून तिनं ते जास्तच वेळ करायला घेतलं.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे काढला तेव्हा कापलेल्या जागी काळी फट तशीच होती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर लागतोय. कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या. चौथ्या महिन्यात तीच फट, पाचव्यात तीच. त्यांनी विचारलं, तंबाखू खाता का, त्यानं हाड जुळायला उशीर होतो. मी कधीच खाल्ली नाही. पहिल्या दिवशी इतकं बोलणारा माणूस आता एक्स-रे लावून नुसता उभा राहायचा, त्याची मला जास्त भीती वाटायची.

सहाव्या महिन्यात मी काठीवर चालत होतो. एकदा अंघोळ करून येताना बायको म्हणाली, "तुमचा पाय परत वळायलाय."

मी चिडलो. तिला म्हणालो, तुला काय कळतंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेल्यावर मी फरशीवर उताणा झोपलो आणि उजवा पाय दोन फरश्यांच्या मधल्या सांध्यावर ठेवला. टाच सांध्यावर, मांडी सांध्यावर, आणि गुडघा सांध्याच्या बाहेर. बोटभर बाहेर. पुढच्या रविवारी पुन्हा बघितलं. मग मला त्याची सवयच लागली. रोज सकाळी घरात कुणी नसताना मी फरशीवर झोपायचो. महिनाभरात दीड बोट झालं. पाय माझ्या डोळ्यांदेखत जुन्या जागी निघाला होता, आणि हाडाला कसली ओढ लागलीय ते मला कळत नव्हतं.

त्याच दिवसांत पोरगी दोन वर्षांची झाली. ती आता घरभर चालत होती, पण बदकासारखी डोलत. तिचे पाय सरळ व्हायच्या ऐवजी जास्त गोल दिसायला लागले होते. गल्लीतल्या बायका लाडानं म्हणायच्या, बापावर गेली. बायको कुणालाच उत्तर द्यायची नाही. संध्याकाळी मुलीला भिंतीला टेकवून उभं करायची, घोटे जुळवायची आणि गुडघ्यांच्या मध्ये किती बोटं मावतात ते बघायची. मी सकाळी काय करतो ते तिला माहीत नव्हतं आणि ती संध्याकाळी जे करत होती त्यावर मी काही बोलत नव्हतो.

आठव्या महिन्यात एके दिवशी भर दुपारी मी मोरीची पायरी उतरत होतो. पडलो नाही, घसरलो नाही. नडगीतून टक् असा आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा, आणि मी तिथंच पायरीवर बसलो. अव्वाला ऐकू कमी येतं, पण तो आवाज तिला आला नसला तरी माझा चेहरा दिसला. ती भिंत धरून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. बायको रिक्षा आणेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

दोन स्क्रू तुटले होते आणि पट्टी वाकली होती. तरुण डॉक्टर बराच वेळ फिल्म बघत राहिले. मग त्यांनी सरळ सांगितलं की असं का होतंय हे मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय मी पुन्हा हात लावणार नाही. त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं चिठ्ठी दिली. पुढं लोकांनी त्यांना खूप नावं ठेवली. मी कधी ठेवली नाहीत, त्या चिठ्ठीमुळं.

गुरू म्हणजे शहरातच दुसऱ्या टोकाला बसणारे, सत्तरी गाठलेले डॉक्टर. मला व्हीलचेअरवरून आत नेलं तेव्हा त्यांनी फिल्मचा लिफाफा बाजूला ठेवून दिला. आधी माझी उंची विचारली. मग म्हणाले, तोंड उघडा. दात किती गेलेत? मी म्हणालो, सहा. किडले होते? नाही, किडले नव्हते, हिरडी सुजून पू व्हायचा आणि काढायला लागायचे. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. आईचे पाय कसे आहेत, असं विचारल्यावर मी सांगितलं. ते म्हणाले, उद्या त्यांना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी अव्वा दारापासून खुर्चीपर्यंत बायकोचा हात धरून चालत आली. आठ-दहा पावलं असतील. डॉक्टर तेवढा वेळ चष्मा काढून तिच्याकडं बघत होते. तिचे दात चाळिशीतच गेले होते. कान कधीपासून कमी झाले, हेही त्यांनी विचारलं. मग आम्हा दोघांचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवली.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. त्या दिवशी अव्वा मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसली होती आणि मी अन् बायको आत. डॉक्टरांनी सावकाश समजावून सांगितलं. हाड कडक व्हायला कॅल्शियमसारखंच फॉस्फेटही लागतं. माझं शरीर ते राखून ठेवत नाही, लघवीवाटे टाकून देतं. त्यामुळं हाड वरून हाडासारखं दिसतं, पण आतून पुरतं भरत नाही. कॅल्शियम कितीही खाल्लं तरी उपयोग नाही. असं हाड वजनानं वाकतं आणि कापलं तर जुळत नाही. आईला हेच आहे, तिच्याकडून मला आलं. आधी सहा महिने औषधं घेऊन हाड आतून सुधारायचं आणि मगच पुन्हा ऑपरेशन करायचं.

मला ऑपरेशन टेबलवरचं ते वाक्य आठवलं. तेव्हा विचारलं असतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, हा आजार फार थोड्यांना असतो, बघितलेला नसला तर चटकन ध्यानात येत नाही.

मग त्यांनी विचारलं, मुलं किती? मी म्हणालो, एक मुलगी. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुलगा नाही? नाही.

"बापाकडून हे मुलाला जात नाही," ते म्हणाले. "मुलीला मात्र जातं."

बायकोनं विचारलं, "जातं म्हंजे, जाऊ शकतं का जातंच?"

"जातंच," ते म्हणाले. "प्रत्येक मुलीला."

दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. काचेतून अव्वा दिसत होती. ती पोरीला बाकावर उभी करून दोन्ही हातांनी धरून होती आणि पोरगी बाकावर नाचत होती. बायको तिकडं बघत राहिली. रडली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तिचं रक्त आज घेता येईल का.

मुलीचा रिपोर्ट डॉक्टरांनी सांगितला होता तसाच आला.

घरी आल्यावर अव्वाला सांगणं मला जमलं नाही. पण घरात फोन व्हायला लागले, नातेवाईक विचारपूस करायला लागले, आणि ऐकू कमी आलं तरी तिला जे कळायचं ते कळलं. मोडनिंबहून बायकोची एक काकी आली होती. जाताना ती म्हणाली, मुलाला लागत न्हाय म्हणतात, तर पुढच्या खेपेला मुलगा झाला की सुटलात. बायको तिला म्हणाली, "ही हाय की. हिचं बघू दे आदी." त्यापुढं ती काकीशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात अव्वानं नातीला तेल लावणं बंद केलं. पोरगी दुपारी सवयीनं तिच्याजवळ जाऊन पाय पसरून झोपायची आणि अव्वा हात पदरात गुंडाळून बसायची. मग एक दिवस तिनं गाठोडं बांधलं आणि भाच्याला बोलावून माहेरी भावाकडं निघून गेली. पंधरा दिवस म्हणाली होती. महिना झाला. फोनवर येत नव्हती.

मी कुबड्या घेऊन गाडीनं गेलो. मला ओळखून कंडक्टरनं ड्रायव्हरमागची सीट दिली आणि पायाचं काय झालं ते विचारलं. त्याला मी खोटंच काहीतरी सांगितलं. अव्वा मामाच्या अंगणात तुरी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. जे बोलायचं होतं ते हळू बोलायचं होतं, पण हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही. सगळं घर, मामी, मामाच्या सुना ऐकत असताना मला ओरडून बोलावं लागलं. मी कानडीत सांगितलं की औषधं सुरू झालीत, लहानपणापासून औषध मिळालं तर हाड बरंच सुधारतं, तुझ्या वेळी ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

ती तुरीतले खडे बाजूला करत राहिली. मग मराठीत म्हणाली, "मीच दिलं व्हय." घरातल्यांना कळू नये म्हणून मराठीत बोलली असावी, जणू त्या घरात मराठी कुणाला येत नव्हती.

मीही मराठीत ओरडलो. "तू मला दिलंस. मी तिला दिलं. मी कुटं पळून जाऊ, ते सांग."

मामीच्या हातातला तांब्या खाली पडल्याचा आवाज आला. अव्वानं माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच. मग सूप बाजूला ठेवलं. तिचं गाठोडं सोडलेलंच नव्हतं, ते मी आत गेल्यावर पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो.

औषध म्हणजे पाण्यात विरघळवायची भुकटी, दिवसातून पाच वेळा, शिवाय थेंब. चव खारट-कडवट. पोरगी थुंकायची, पोट बिघडायचं, मग डोस कमी करून पुन्हा वाढवायचा. मी तीच भुकटी तिच्या समोर पितो, तोंड वाकडं न करता. ती मात्र माझ्याकडं निरखून बघते आणि सांगते, पप्पा, तुमालाबी आवडत न्हाय.

सहा महिन्यांनी माझं दुसरं ऑपरेशन झालं. जुनी पट्टी काढली, हाड पुन्हा कापलं, लांब पट्टी बसवली. या वेळी ड्रिल थांबलं नाही. तरी जुळायला वर्ष लागत आलं. आता उजवा पाय सरळ आहे आणि डावा जसा होता तसा. उजवा पाय लांब पडतो म्हणून डाव्या बुटाला आतून टाच लावलीय. गाडीवरची ड्युटी सुटली, मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. डाव्या पायाची तारीख डॉक्टरांनी दोनदा विचारली. मी दोन्ही वेळा बघू म्हणालो. फरशीवर झोपून पाय बघायचो हे मी मागं एकदा बायकोला सांगितलं, आता ते सोडलंय असं तिला वाटतं.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. पाय पूर्वीपेक्षा बरे आहेत, सरळ म्हणता येणार नाहीत. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, औषधानं भागलं नाही तर गुडघ्यापाशी एका बाजूला छोटी पट्टी लावून त्या बाजूची वाढ रोखायची, म्हणजे दुसरी बाजू वाढून पाय आपसूक सरळ होत जातो. लहान वयातच ते करता येतं. मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. अव्वाला सांगितलंय. ती म्हणाली, कापायचं नसंल तर करा, कापायचं आसंल तर मला आदी इचारा.

गेल्या मंगळवारी आम्हा दोघांचे एक्स-रे होते. मी आधी चौथऱ्यावर चढलो, मग ती. तिथली बाई सांगेल तसे तिनं घोटे जुळवले, गुडघे पुढं केले, हात बाजूला धरले आणि हलली नाही. कुणी न सांगता तिनं श्वासही रोखून धरला.

डॉक्टरांनी माझी फिल्म लावली आणि लगेच काढली, ठीक आहे म्हणाले. तिची लावली. आधी रेघ ओढली, मग पुसली, मग दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा ओढली. बायको माझ्या शेजारी उभी होती आणि मुलगी टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्याशी खेळत होती, तो उघडत आणि मिटत.

मग डॉक्टर म्हणाले, "अजून सहा महिने थांबू. मग ठरवू."

बायकोनं पुढची तारीख लिहून घेतली.